वैशाखातली भुलाबाई

भर वैशाखात भुलाबाई बसलेली तुम्ही पाहिली नसेल. मी पाहिली आहे, आणि तीही लाऊडस्पीकरच्या डोक्यावर. आमच्या वऱ्हाडात भुलाबाई म्हणजे पावसाळा सरता सरता महिनाभर माहेरी येणारी मातीची लेक. भाद्रपदाच्या पुनवेला ती भुलोजीसकट कोनाड्यात बसते, गल्लीतल्या पोरी रोज संध्याकाळी तिच्यापुढे गाणी म्हणतात, गाणी संपली की झाकल्या डब्यातली खिरापत ओळखायची, खायची आणि दुसऱ्या घरी पळायचं. कोजागिरीला ती सासरी जाते. मग पुढचं वर्षभर तिचं गाणं तोंडातून काढायचं नाही. चुकून कुणी गुणगुणलं तर म्हाताऱ्या बाया खेकसायच्या, “गेलेल्या लेकीले हाका मारू नोको वं, तिचं मन लागत नाही तिकडं.”

हे सगळं आठवायचं कारण माझी नात. ती पुण्यात असते, कानात बोंडं घालून फिरते. मागच्या उन्हाळ्यात तिनं एक बोंड माझ्या कानात खुपसलं आणि म्हणाली, “आजी, हा बघ, रॉक बँडचा जुना कव्हर अल्बम, कुणीतरी कॅसेटवरून चढवलाय.” मला कव्हर म्हणजे उशीचं ठाऊक. तिनं समजावलं की दुसऱ्यांची गाणी आपल्या पद्धतीनं गायची, त्याला कव्हर म्हणतात. मी हो हो करत होते, तेवढ्यात कानात ड्रम वाजला आणि मी कपबशी खाली ठेवली. तो ड्रम आमच्या वसंतदादाचा होता.

आमचं घर जानेफळचं. समोर ओसरी, मागं न्हाणी, मधे माणसं. उन्हाळ्यात त्या घरात चालायला जागा नसायची, कारण खाटांवर, बाजांवर, जुन्या लुगड्यांवर सगळीकडे वाळवणं पडलेली. कुरडया, सांडगे आणि आईच्या हातच्या खारोड्या. बाजरीचा भरडा तिखटमीठ, तीळ, लसूण घालून शिजवायचा आणि त्याचे बोराएवढे गोळे तोडून उन्हात वाळवायचे. वाळल्या की डब्यात घालताना त्यांचा खडखड आवाज व्हायचा. राखण करायला काठी घेऊन मला बसवत. कावळ्यांपेक्षा मीच जास्त खायची, आणि कावळ्यांवर घालायची. सकाळी बाबांच्या खाकरण्यानं घर उठायचं, मग रहाट, मग आईच्या बांगड्या, मग पिठाच्या गिरणीचा पुकपुक आवाज. संध्याकाळी दादा खामगावच्या कॉलेजातून आलेला असला की तो ताटं, घागरी, धान्याचा पत्र्याचा डबा, जे मिळेल ते बडवायचा. बाबा म्हणायचे, “हे पोट्टं शिकाले पाठवलं का तमाशाले?”

शिकायला पाठवलेल्या त्या पोट्ट्यानं खामगावात बँड काढला होता. लग्नातला बँड नव्हे. विजेची गिटार, ड्रम आणि घसा फाटेस्तोवर गाणं. नाव ठेवलं ‘इस्तो’, म्हणजे आमच्या बोलीत विस्तव. गिटार वाजवणारा आणि गाणी लिहिणारा होता दादाचा वर्गमित्र सुदाम. उंच, काळासावळा, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. त्याचे वडील जलशात गायचे, बाबासाहेबांची गाणी घेऊन गावोगाव हिंडलेले. सुदामची गाणी रेशनच्या दुकानात गायब होणाऱ्या साखरेवर, कापूस विकायला लागलेल्या गाड्यांच्या रांगेवर, आणि एका विहिरीवर दोन दोर कशाला या प्रश्नावर. ती गाणी लोकांना आवडली हाच घोटाळा झाला. एका पुढाऱ्याच्या कानाला ती झोंबली. स्नेहसंमेलनातून बँडचं नाव कापलं, मग गणपतीच्या मंडपातून, मग शेवटी त्यांना कुणी साधी वीजसुद्धा देईना.

तेव्हा आमच्या ओसरीवर वाळवणांच्या मधोमध उकिडवा बसून सुदाम बोलला ते मला अजून ऐकू येतं. “वसंत्या, आपलं गानं बंद करता येते बे. पन लोकायच्या घरात आधीपासूनच असलेलं गानं कोन बंद करन? आपुन एक बी गानं आपलं नाही गायचं. सारी लोकायचीच. जिनिंगच्या बायायचं, विहीर खोदनाऱ्यायचं, माह्या बापाच्या जलशातलं. फकस्त वाजवाचं आपल्या हातानं.” दादा म्हणाला, “अन् भुलाबाईचं. आमच्या आईचं.” चूल फुंकत असलेल्या आईनं फुंकणी खाली ठेवली आणि पुन्हा उचलली.

आई गावातल्या भुलाबाईची पुढारीण. शंभर गाणी तिला येत असतील, पण एक तिच्या माहेरचं होतं, तिच्या आईकडून आलेलं:

सासूनं वाढलं ताटभर पानी,
पान्यात पाह्यलं माहेर बाई, पान्यात पाह्यलं माहेर.
सासऱ्यानं दिली वेशीची राखन,
वेशीतून पाह्यलं माहेर बाई, वेशीतून पाह्यलं माहेर.

त्या गाण्याचा दंडक असा की गाणारीनं दरवर्षी एखादं कडवं आपल्या पदरचं घालायचं. आणि ते गाणाऱ्या आमच्या आईनं स्वतः मात्र माहेर पाहिलं नव्हतं, मी कडेवर होते तेव्हापासून. माहेर काही सातासमुद्रापार नव्हतं. खामगावात, जिनिंगच्या, म्हणजे कापसाच्या कारखान्याच्या, मागच्या गल्लीत. एस.टी.त बसलं की डुलकी पुरी व्हायच्या आत येणारं. पण मामाच्या लग्नात कुणीतरी गडबडीत बाबांना, म्हणजे घरच्या थोरल्या जावयाला, दुसऱ्या पंगतीला बसवलं. त्यात भाताला वरण पोचायला उशीर झाला. बाबा कोऱ्या भातावरून उठले ते उठलेच. घरी येऊन त्यांनी आण घातली, “त्या गल्लीत पाय ठेवला तर ह्या घरात परत ठेवाचा नाही.” आई रडली नाही म्हणे. दर दिवाळीला मात्र आजीचा निरोप कुणा ना कुणाच्या तोंडी यायचा, की म्हातारी वाट पाहते. आई निरोप आणणाऱ्याला चहा द्यायची आणि कामाला लागायची.

आता गाणार कोण? मी! मी सोळाची होते, आणि माझा ठाम समज होता की मुंबईच्या सिनेमावाल्यांना जानेफळचा पत्ता सापडत नाही म्हणून माझं अडलंय. विहिरीत तोंड घालून मी गायची, कारण आत आवाज घुमायचा. घुमलेल्या आवाजावर मी इतकी खूश, की एकदा घागर सोडून गाण्याला दाद दिली. घागर अजून तिथंच असेल. बाबांना दादानं सांगितलं, देवाची कॅसेट आहे. बाबांचा जीव माझ्यावर, त्यातून देवाचं काम. त्यांनी मान हलवली आणि अटी घातल्या. कॅसेटवर नाव टाकायचं नाही, पोरगी एकटी पोट्ट्यांमध्ये जायची नाही, आईनं संगं जावं. मग आईकडे न बघता म्हणाले, “कावो, समजलं ना? गाडीतून उतराचं, हिचं गानं झालं की सांजच्या गाडीनं वापस. इकडं तिकडं पाह्यचं नाही.” आई म्हणाली, “हाव.” तेवढंच. दुसऱ्या दिवशी निघताना तिनं भाकरी, ठेचा बांधला आणि एक डबा खारोड्यांनी गच्च भरला. मला वाटलं माझ्यासाठीच. तेव्हा जगातली प्रत्येक गोष्ट माझ्यासाठीच असायची.

कॅसेट भरायची जागा होती हंगाम संपलेल्या एका जिनिंगची वखार. आत पाऊल टाकलं आणि बाहेरचं खामगाव कुणीतरी पुसून टाकल्यासारखं झालं. चारी भिंतींना छतापर्यंत रुईच्या गाठी रचलेल्या. टांगे, सायकलच्या घंट्या, तेलाच्या गिरणीची घरघर, सगळं दाराबाहेर राहिलं. आपण बोललेलासुद्धा आवाज ओठांपासून हातभर जाऊन रुईत बुडायचा. लाऊडस्पीकरवाले बाबूभाई टेपरेकॉर्डर मांडून बसले होते. त्यांनीच ही जागा हेरलेली. म्हणाले, “बंबई में लाखों खर्च करते हैं बेटी, ऐसी खामोशी के लिए.” एवढी मोठी शांतता मी त्याआधी देवळातही ऐकली नव्हती. आणि मग त्या शांततेत सुदामनं गिटारीची तार छेडली.

मला वाटलं वीज पडली. आवाज कानात नाही, छातीत शिरला, दातांत शिरला. घाबरून मी आईचा पदर धरला आणि पाहिलं तर आई हसत होती. नव्या खेळण्याकडे लेकरू बघतं तशी ती गिटारीच्या स्पीकरच्या डब्याकडे बघत होती. म्हणाली, “माय वं, लई खोल बोलते हे.”

मग माझी पाळी. मी तोंडाला मूठभर पावडर थापलेली, वेण्यांना लाल रिबिनी, हनुवटी वर. सिनेमातल्या बाईसारखा आवाज बारीक केला आणि ‘पानी’ या शब्दावर अशी काही मुरकी घेतली की बाबूभाईंनी टेप थांबवून यंत्र बिघडलं का ते तपासलं. पुन्हा गायले, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा सुदामनं गिटार मांडीवर आडवी ठेवली. “बेबी, खरं सांग. तू गानं गाऊन राह्यली का सुई टोचून घेऊन राह्यली?” दादा ड्रमच्या मागे वाकून हसत होता, बेशरम. मी रुसून एका गाठीवर चढून बसले. नातीनं ते बोंड कानात घातलं तेव्हा माझा तो आवाज कुठं शिल्लक राहिला नाही ना, हे मी आधी तपासून घेतलं. नाही राहिला. बाबूभाईंचं भलं होवो.

आता काय करायचं, म्हणून सगळे आईकडे वळले. ती मघापासून माझ्या चुका ओठातल्या ओठात दुरुस्त करत होती, ते सुदामनं पाहिलं होतं. “काकू, तुमीच म्हना नं.”

“म्या? नाही बाप्पा. वैशाख हाये. भुलाबाई कुठं हाये?”

“गान्याले भुलाबाई काऊन पायजे?”

“अरे, ती माहेरी आली का मंग तिच्यासंगं बोलतो आमी. ती नसली तर कोनासंगं बोलू, ह्या डबड्यासंगं?”

दादा म्हणाला, आई, हट्ट करू नको. आई म्हणाली, हट्ट तुम्ही करून राह्यले, मी तर घरी चालली. शेवटी तिनंच तोड काढली. आणा माती, बसवा भुलाबाई, मग म्हणते. आता हे बँडमधले चौघं म्हणजे देवाधर्मावर आगपाखड करणारे. त्यांतले दोघं बादली घेऊन हौदाकडे माती भिजवायला पळाले. सुदाम मात्र उठला नाही. चष्मा काढून पुसत बसला. मग हळूच म्हणाला, “काकू, राग नका मानू. देव असन तर मी हात नाही लावनार. आमच्या घरी बाबासाहेबायले वचन देल्लं हाये.”

दादा खाली बघायला लागला. आईनं सुदामकडे असं पाहिलं जसं ती पाटीतलं धान्य बघते, खडा आहे की दाणा. आणि म्हणाली, “देव? देव असती तर नवऱ्यानं धाडल्याबिगर येता नसतं आलं का तिले? सासुरवाशीन हाये रे ते, माह्यावानी. पूजा तुले कोन सांगते? पाहुनी आली तर बसाले जागा देत नाहीत का तुमच्या घरी?”

सुदामनं चष्मा डोळ्यांवर चढवला. मग उठला, बाह्या सारल्या आणि चिखलात हात घातला. त्याची बोटं तारांवर फिरतात तशीच मातीवरही फिरली. नाक, हनुवटी, डोक्यावरचा पदर. भुलोजी करायला घेतला तर आई म्हणाली, “राहू दे त्याले घरी. एकलीच येऊ दे तिले एखाद बार.” ठेवायची कुठं? सगळीकडे ओलं, नाहीतर तारा. तेव्हा सुदामनंच आपल्या लाडक्या स्पीकरवर गमछ्याची घडी घातली आणि तिला बसवलं. आईनं खारोड्यांचा डबा तिच्यापुढे ठेवला आणि मांडी घालून गाठीला टेकली.

ती गायला लागली. मुरकी नाही, काही नाही. चुलीपुढं बसून सुनेला हाक मारावी तसा सरळ आवाज. पहिलं कडवं एकटीनं. दुसऱ्यात दादाचा ड्रम आला, अगदी हळू, घागरीवर वाजवायचा तसा. मग गिटार आली, आणि अंगणातल्या चार पोरींचं ते गाणं उभं राहिलं. खरंच सांगते, उभं राहिलं. छताला लागलं. आईचा आवाज गिटारीला घाबरला नाही. तिच्यावर पाय देऊन तो वर चढला. आवाज मोठा होत गेला तशी स्पीकरवरची भुलाबाई थरथरायला लागली, ओली माती ना ती, मान हलवायला लागली. मी रुसणं विसरले. ही बाई रोज माझ्या वेण्या घालते आणि ओरडते, तीच ही? आणि मग आईनं आपल्या पदरचं कडवं घातलं. आधी कधी म्हटलेलं नव्हतं ते:

दाल्ल्यानं घातली गल्लीची आन,
आनेतून पाह्यलं माहेर बाई, आनेतून पाह्यलं माहेर.

दाल्ला म्हणजे नवरा. दादाचा हात एक ठोका चुकला. कॅसेटमध्ये तो चुकलेला ठोका तसाच आहे. नातीनं विचारलं, “आजी, हा कोण गं व्हिलन नवरा?” म्हटलं, “तुझा पणजोबा. नमस्कार कर.”

गाणं संपलं तरी प्रथा राहिली होती. आईनं डबा उचलून कानाशी खळखळवला, “वळखा.” ते चौघं क्रांतिकारक लेकरांसारखे ओरडायला लागले, शेंगदाने! फुटाने! गोटीसोडा, असंही एकजण म्हणाला. सुदामनं डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाला, “खारोड्या.” बाबूभाईंनी टेप चालूच ठेवली होती, म्हणून त्या गाण्याच्या शेवटी खडखड, हसू आणि कुडूमकुडूम चावण्याचा आवाज आहे. अर्धा डबा संपल्यावर आईनं झाकण लावलं. “पुरे. राहू द्या जराशा.”

बाबूभाईंनी टेप मागं फिरवून ऐकवली. आईनं आपला आवाज बाहेरून कधी ऐकला नव्हता. पहिली ओळ आली आणि तिनं पदर तोंडाशी धरला. “हे कोन गाऊन राह्यलं?” दादा म्हणाला, “तूच, आई.” तिनं मान हलवली. अजून दोन ओळी ऐकल्या. मग इतक्या हळू बोलली की रुईनं ते गिळूनच टाकलं असतं, मी शेजारी नसते तर. “नाही रे. ही तर माही आई हाये.”

आता माझा स्वतःचा आवाज तिच्यासारखा झालाय. टेलिफोनवर लोक फसतात. म्हणून मला कळतं तिनं काय ऐकलं असेल. तेव्हा कळलं नाही. मी फक्त पाहिलं की गाणं संपेपर्यंत ती हलली नाही, आणि संपल्यावर उठून तिनं भुलाबाईवर पाणी शिंपडलं, डबा पिशवीत घातला आणि माझं मनगट पकडलं. वखारीच्या दाराशी दोन रस्ते फुटत होते. डावीकडे एस.टी. स्टँड. आई उजवीकडे वळली.

मी म्हटलं, “आई, गाडी तिकडं हाये.” ती चालत राहिली. “आई, बाबानं सांगतलं होतं...” तिनं मागं न बघता म्हटलं, “तुह्या बाबानं तुह्यावालं गानं झालं का परत या म्हनलं होतं. तुह्यावालं गानं झालं का?” मी रिबिनी सावरत तिच्यामागं ओढली गेले.

मामानं दार उघडलं. मिशा पिकलेल्या. आईकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि पाठ फिरवून आत निघून गेला. मी आईचा हात ओढायला लागले. तर तो पाण्यानं भरलेली बादली आणि तांब्या घेऊन बाहेर आला, आणि उंबऱ्यात बसून त्यानं स्वतः बहिणीच्या पायावर पाणी ओतलं. आत बाजेवर आजी लसूण सोलत बसली होती. डोळ्यांनी तिला धड दिसत नव्हतं. आईनं तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, “किती दिस लावले वं शांते.” मग आईच्या चेहऱ्यावरून लसणाचे हात फिरवत राहिली. आईनं उरलेल्या खारोड्यांचा डबा तिच्या मांडीत ठेवला. माझ्या पावडरीकडे कुणीही पाहिलं नाही. त्या दिवशी पहिल्यांदा मला त्याचं काही वाटलं नाही.

रात्र तिथंच झाली. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही जानेफळला उतरलो. बाबा ओसरीवर होते. सांजची गाडी, सकाळची गाडी, दोन्ही पाहून आलेले असणार. पायांवर रस्त्याची धूळ होती. आई सरळ आत गेली. तिनं हातपाय धुतले, चूल पेटवली, भाकरी थापल्या. तव्यावर भाकरी फुगण्याचा आवाजसुद्धा मला मोठा वाटत होता. मी दाराआड उभी. मनात पक्कं की आता बाबा उठतील आणि आईची पेटी अंगणात टाकतील. आईनं ताट मांडलं. भात वाढला, त्यावर लगेच वरण वाढलं.

बाबांनी घासाला हात लावला नाही. म्हणाले, “कुठं होत्या रातभर?”

आई त्यांच्यासमोर सरळ उभी होती. हातात वरणाची पळी. “माह्या घरी.”

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. मी त्यांना आईकडे इतका वेळ बघताना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. आढ्यावर चिमणी होती, तीही गप्प झाली असं मला आठवतं, पण ते मी मागाहून घातलेलं असेल. मग ते ताटाकडे बघत म्हणाले, “म्हातारी कशी हाये?”

आईनं पळी खाली ठेवली. रोज बाबांचं जेवण होईपर्यंत ती कधी बसत नसे. ती त्यांच्यासमोर पाय मुडपून खाली बसली आणि सांगायला लागली. मामाच्या मिशा, आजीचे डोळे, अंगणातलं जुनं लिंबाचं झाड कापलं ते, सगळं, पहिल्यापासून. वरणावर साय धरली. बाबांनी एकदाही तिला थांबवलं नाही.